घरातल्या वयस्कर माणसांच्या पायाचं सेल्युलायटिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता सांगलीत आणि आसपासच्या गावांत घरोघरी ड्रेसिंगला जाते. पावसाळा लागला की फोन सुरू होतात, फोटो येतात, आणि नव्वद टक्के वेळा प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून काढले. औषधाचा डोस मी इथं सांगणार नाही, तो पेशंट बघूनच ठरतो. बाकी जे घरच्यांना माहीत पाहिजे ते सगळं आहे.

१. सेल्युलायटिस म्हणजे नक्की काय? आमच्याकडं धावरं म्हणतात तेच का?

जवळजवळ तेच. कातडीच्या खालच्या थरात आणि त्याखालच्या चरबीत जंतू शिरून पसरतात, त्याला सेल्युलायटिस म्हणतात. वरच्याच थरात राहिलं आणि लालीची कड एकदम स्पष्ट, हाताला उंच लागणारी असली की ते धावरं, आयुर्वेदात विसर्प म्हणतात ते. उपचार साधारण सारखेच असतात. बहुतेक वेळा जंतू स्ट्रेप्टोकोकस नाहीतर स्टॅफिलोकोकस असतो. नागीण मात्र वेगळी बरं का, ती व्हायरसमुळं होते, तिच्यात पट्ट्यासारखे पाण्याचे फोड येतात आणि ती शरीराच्या एकाच बाजूला उठते. "पायाला नागीण झालीय" म्हणून झाडपाला लावत बसलेले कितीतरी पेशंट मी बघितलेत ज्यांना खरं तर सेल्युलायटिस होतं.

२. घरच्या घरी ओळखायचं कसं?

एकाच पायाला, बहुतेक करून गुडघ्याखाली, लाली येते, हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतं, सूज असते, दाबलं की दुखतं आणि लाली तासातासानं नाहीतर दिवसादिवसानं सरकत जाते. कातडी ताणून चकचकीत दिसते. कित्येकदा पायावर काही दिसायच्या आधीच थंडी वाजून ताप येतो आणि जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजून दुखते. आपल्याकडं रंग सावळा किंवा काळा असला की लाली लाल दिसतच नाही, जांभळट नाहीतर नुसती गडद दिसते, म्हणून रंगापेक्षा हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपून गरमपणा बघा. आणि एक काम लगेच करा, बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ मारा आणि बाजूला तारीख-वेळ लिहा. डॉक्टरांना ती रेघ किती उपयोगी पडते ते सांगून कळणार नाही.

३. पायाला साधा ओरखडासुद्धा नाही, मग जंतू आत गेला कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मी प्रत्येक वेळी एकच सांगते, बोटांच्या बेचक्यात बघा. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मधे बॅटरी मारून बघा. पांढरी, भिजल्यासारखी, सोललेली कातडी दिसली तर ते चिखल्या. जंतूला आत यायला तेवढी फट पुरते, आणि म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं बोट वाकून बघता येत नाही, दिसतही नाही, आणि कुणी विचारतही नाही. मांडीपर्यंत सुजलेला पाय घेऊन माणूस मिरजेला ऍडमिट होतो आणि सगळं सुरू झालेलं असतं करंगळीच्या शेजारच्या एका बोटभर जागेतून.

चिखल्यांशिवाय टाचेच्या भेगा, नखुरडं, ब्लेडनं घरी कापलेलं कुरूप, उसाच्या पाल्यानं चिरलेलं, द्राक्षबागेतली तार लागलेली, डास चावून खाजवलेलं, पायावरचा जुना इसब, हे सगळे रस्ते आहेत. पाटण, जावळीकडं भातलावणीत दिवसदिवस चिखलात उभं राहणाऱ्या बायका, आणि इकडं उसाला पाणी पाजायला अनवाणी जाणारे आबा, दोघांचं दुखणं एकच. ज्यांच्या पायाला आधीपासून सूज असते, शिरा फुगलेल्या असतात, वजन जास्त असतं किंवा शुगर असते त्यांना हे जास्त होतं.

उपाय साधा आहे. रोज रात्री पाय धुवायचे आणि बेचकं न बेचकं जुन्या मऊ सुती कापडानं कोरडं करायचं. चिखल्या असतील तर क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं साधं मलम डॉक्टरांना विचारून लावायचं आणि बरं दिसायला लागल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवायचं, लोक इथंच चुकतात. मेडिकलमधून तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब आणू नका, त्यात स्टिरॉइड असतं, खाज लगेच थांबते पण बुरशी आतून वाढत राहते.

४. आईला ताप अजिबात नाही, मग इन्फेक्शन कसं म्हणायचं?

वय झालेल्या शरीराला कधीकधी तापच येत नाही. त्याऐवजी माणूस गप्प होतो, जेवत नाही, अंथरुणातच लघवी होते, "आज कोण वार" विचारलं तर भलतंच सांगतो, उठताना तोल जातो. घरच्यांना वाटतं वयामानानं होतंय. एका आजीला तिच्या सुनेनं "कालपासून बडबडतायत, भुलल्यासारखं करतायत" म्हणून आणलं होतं, साडी वर केली तेव्हा पोटरी तापलेल्या तव्यासारखी होती, आणि दोन दिवस कुणी पाय बघितलेलाच नव्हता. त्यामुळं म्हातारं माणूस अचानक बदललं तर कपडे बाजूला करून पायापासून डोक्यापर्यंत कातडी बघायचीच.

५. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? रात्रीच कधी न्यायचं?

साधं सेल्युलायटिस असेल, शुगर नाही, माणूस शुद्धीवर आहे, खातोय पितोय, तर रात्र काढून सकाळी पहिल्या नंबरला दाखवा, पण "दोन दिवस बघू" असं नको. खालचं काहीही असेल तर मात्र रात्री दोन वाजले असले तरी निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा: दिसतंय त्यापेक्षा भयंकर जास्त दुखतंय, कातडी काळी-निळी पडतीय किंवा रक्ताळलेले फोड येतायत, दाबल्यावर आत चुरचुर आवाज लागतोय, लाली तासात बोटभर पुढं सरकतीय, माणूस गुंगीत आहे, धाप लागलीय, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय. यातल्या पहिल्या तीन गोष्टी म्हणजे जंतू खोल स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत गेल्याची खूण असू शकते, तिथं नुसत्या इंजेक्शननं भागत नाही, ताबडतोब ऑपरेशन करून सडलेला भाग काढावा लागतो. दुखायचं अचानक थांबून तो भाग बधिर झाला तर "बरं वाटतंय" समजू नका, ते उलट वाईट आहे.

६. दोन्ही पाय लाल झालेत, दोन्हीकडं सेल्युलायटिस आहे का?

शक्यता कमी. दोन्ही पायांना एकाच वेळी सेल्युलायटिस क्वचित होतं. दोन्ही नडग्या लालसर-तपकिरी, खाजऱ्या, खपलीदार, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय, ताप नाही, तर बहुतेक ते शिरांमधलं रक्त नीट वर न चढल्यामुळं होणारं इसब असतं. त्याला ऍन्टिबायोटिकचा काही उपयोग होत नाही आणि तरी लोक वर्षातून चारदा कोर्स घेतात. आडवं झोपवून पाय उंच करा आणि काही मिनिटं थांबा, लाली उतरून गेली तर ते सेल्युलायटिस नसण्याचीच शक्यता जास्त, सेल्युलायटिसची लाली अशी जात नाही. नुसती सूज दोन्हीकडं असेल तर हार्ट, किडनी, लिव्हर तपासायला लागतं, आणि बीपीची ऍमलोडिपिन गोळी चालू असेल तर तिच्यामुळंही घोटे सुजतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वतःहून बंद करू नका.

७. एकाच पोटरीला सूज आहे, आत रक्ताची गुठळी तर नसेल?

असू शकते आणि नुसतं बघून नामवंत डॉक्टरलाही शंभर टक्के सांगता येत नाही. गुठळीत लाली आणि ताप सहसा कमी असतो, पोटरी आतून भरल्यासारखी जड लागते, आणि आधी ऑपरेशन, लांबचा प्रवास, पडून राहणं किंवा कॅन्सर असं काही असतं. शंका असली की पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करतात. ती होईपर्यंत एक कृपा करा, पोटरीला तेल लावून चोळू नका, "शीर चढलीय" म्हणून मालिशवाल्याकडं तर नकोच. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं.

८. वडील शेतातून आले आणि संध्याकाळी पाय सुजला, पान लागलं, म्हणजे साप चावला असेल का?

चांगला प्रश्न, आणि आपल्या भागात हा विचार केलाच पाहिजे. घोणस किंवा फुरसं चावल्यावरही पाय असाच सुजतो, अंधारात, पाचटात चावलेलं कळत नाही आणि दातांच्या खुणा दरवेळी दिसतीलच असं नाही. फरक वेळेचा आहे. सापाच्या विषाची सूज काही तासांत वर चढते, आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकतं. सेल्युलायटिस एक-दोन दिवस घेतं आणि सोबत ताप-थंडी असते. थोडी जरी शंका आली तरी दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा. तिथं काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांनी गोठतंय का बघतात, आणि सापाचं औषधही तिथंच मिळतं.

९. कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

सेल्युलायटिस हे मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायचं दुखणं आहे. सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन एवढं सहसा करतात, म्हाताऱ्या माणसात क्रिएटिनिन महत्त्वाचं कारण किडनी बघून औषधाचा डोस ठरतो. ताप जास्त असेल, ऍडमिट केलं असेल तर ब्लड कल्चर. पू साठल्यासारखं वाटलं तर सोनोग्राफी, कारण आत गळू असलं तर ते फोडून काढल्याशिवाय औषध लागू पडत नाही. जखम खोल असेल तर हाडाचा एक्स-रे.

१०. गोळ्यांवर भागेल का ऍडमिट व्हायला लागतंय? आणि कोर्स किती दिवसांचा?

माणूस ठणठणीत आहे, उलटी नाही, घरात बघणारं कुणी आहे तर गोळ्यांवर भागतं. ५ ते ७ दिवसांचा कोर्स बहुतेकांना पुरतो, सुधारणा कमी असली तर डॉक्टर वाढवतात. प्रश्न ५ मधलं काही असेल, किंवा गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत फरकच पडला नाही, तोंडातून औषध टिकत नाही, शुगर फार वाढलीय, तर ऍडमिट करून शिरेतून औषध देतात आणि ताप उतरला की गोळ्यांवर आणतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. पेनिसिलिनची ऍलर्जी आहे का. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कारण काही ऍन्टिबायोटिकमुळं वॉरफरिनसारख्या गोळीचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. आणि किडनीचा त्रास आहे का. सगळ्या चालू गोळ्यांची पिशवीच सोबत न्या, चिठ्ठी हरवते, पिशवी हरवत नाही. खर्चाची काळजी असेल तर हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटून आपलं दुखणं सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

११. औषध चालू करून दीड दिवस झाला तरी लाली रेघेच्या बाहेर गेलीय, औषध लागू पडत नाही का?

घाबरू नका पण लक्ष ठेवा. पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली थोडी वाढलेली दिसू शकते, जंतू मरताना सूज उलट चढते. ताप उतरतोय, दुखणं कमी होतंय, माणूस चहा मागतोय, म्हणजे गाडी बरोबर चाललीय. पण लालीसोबत ताप आणि दुखणंही वाढत असेल, किंवा ४८ तास होऊन गेले तरी काहीच फरक नाही, तर त्याच डॉक्टरांकडं परत जा आणि रेघ दाखवा. डॉक्टर बदलत फिरलात तर प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो आणि तुमचे दिवस जातात.

१२. पाय वर ठेवा म्हणतात, म्हणजे नक्की किती वर? आणि चालू द्यायचं का नाही?

स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघणं म्हणजे पाय वर ठेवणं नाही. माणूस आडवा आणि पाय छातीच्या उंचीपेक्षा वर, म्हणजे दोन-तीन उशा पोटरीखाली, टाच मोकळी, नाहीतर टाचेला बेडसोर होतो. खाटेच्या पायथ्याला दोन विटा घातल्या तर अजून उत्तम, पण हार्टचा पेशंट असेल आणि आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सूज उतरली की औषध आत नीट पोचतं आणि दुखणं निम्मं होतं, मी तर म्हणते की हे अर्धं औषधच आहे आणि फुकटचं आहे. मात्र दिवसभर गाठोड्यासारखं पडूनही राहू देऊ नका. संडासला, जेवायला उठवा, घोटा वर-खाली हलवायला लावा, नाहीतर प्रश्न ७ मधली गुठळी व्हायची भीती.

१३. हळद लावू का? गरम पाण्यानं शेकू का?

आपली सांगली हळदीची, त्यामुळं हळदीला नाही म्हणताना मलाही जड जातं. पण जंतू कातडीच्या खाली आहेत, हळद वर राहते, आणि पिवळ्या थराखाली लाली कुठंपर्यंत आलीय ते कुणालाच दिसत नाही. चुना, तंबाखू, पाल्याचा लेप, जळवा, शेणाची राख, यातलं काही नको, उघड्या कातडीला तर मुळीच नको. शेकणंही नको, विशेषतः शुगरवाल्यांना, पाय बधिर असतो आणि भाजलेलं कळत नाही. साध्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, टिपून घ्या, जखम असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग. फोड आले तर घरी फोडू नका.

१४. दुखतंय म्हणून घरातली पेनकिलर दिली तर?

पॅरासिटॅमॉल ठीक. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, किंवा मेडिकलवाल्यानं दिलेली कॉम्बिनेशनची गोळी नको. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची किडनी त्यानं बिघडू शकते, आणि आत खोल काही सडत असेल तर ते दुखणं झाकलं जातं आणि वेळ निघून जाते.

१५. शुगर आहे, पाय कापावा लागेल का?

ही भीती मनात धरून लोक दवाखान्यात उशिरा येतात आणि उशीर झाल्यामुळंच पाय जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. साध्या सेल्युलायटिसनं पाय कापायची वेळ येत नाही. धोका असतो तो तळव्याला जखम आहे, ती हाडापर्यंत गेलीय, पायाला रक्तपुरवठा कमी आहे आणि शुगर हाताबाहेर आहे, असं सगळं एकत्र आल्यावर. म्हणून शुगरवाल्याचा पाय लाल झाला तर "सकाळपर्यंत थांबू" चा प्रश्नच नाही, त्याच दिवशी दाखवा. इन्फेक्शनमध्ये शुगर आपोआप चढते, तेव्हा काही दिवस इन्सुलिन दिलं तर अडवू नका, ते कायमचं लागतंच असं नाही. पाय लाल, गरम, सुजलेला पण दुखतच नाही, असं असेल तर शुगरमुळं पायाची हाडं ढासळत असण्याचीही शक्यता असते, तेव्हा पाय टेकू न देता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

१६. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर झालंय, काही वेगळं असतं का?

हो, आणि हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट, आणि म्हातारी माणसं कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली. अशा पाण्यात पत्रे, काचा, काटे लागतात आणि नदीच्या पाण्यात एरोमोनाससारखे जंतू असतात ज्यांना नेहमीच्या सेल्युलायटिसच्या गोळ्या पुरत नाहीत, औषध बदलावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा. आणि पायावर लाली नाही पण जोराचा ताप, दोन्ही पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल, असं असेल तर ते लेप्टोस्पायरोसिस असू शकतं, वेगळं दुखणं आहे, लगेच दाखवा.

१७. घरात लहान नातवंडं आहेत, त्यांना लागेल का? आणि पथ्य काय?

सेल्युलायटिस शेजारी बसून, एका ताटात जेवून लागत नाही. ड्रेसिंगला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, बस. नातवंडांना आजीजवळ बसू द्या. वांगं, दही, भात बंद करायची काहीच गरज नाही. उलट डाळ, अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं द्या, जखम भरायला ताकद लागते. शुगर असेल तर शुगरचं पथ्य.

१८. दर पावसाळ्यात परत होतंय, काय करायचं?

एकदा झालं की आतल्या लसवाहिन्या, म्हणजे कातडीखालचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, खराब होतात, सूज राहते, आणि सूज राहिली की परत होतं, असं चक्र आहे ते. ते तोडायला पहिलं काम प्रश्न ३ मधलं, रोज बेचकी कोरडी, भेगांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, नखं सरळ कापलेली, शेतात बूट. दुसरं काम सूज कमी ठेवणं, त्यासाठी प्रश्न १९ बघा.

एवढं करूनही वर्षात दोनदा-तीनदा होत असेल तर डॉक्टर रोज कमी डोसची पेनिसिलिनची गोळी दीर्घकाळ देऊ शकतात. २०१३ साली ब्रिटन-आयर्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभर गोळी घेणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांना परत झालं आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. पण गोळी बंद केल्यावर फायदा ओसरत गेला. म्हणजे गोळी चालू असतानाच पायाची निगा अंगवळणी पाडायला पाहिजे.

१९. क्रेप बँडेज किंवा घट्ट मोजे घालू का?

ऐन लालीत, दुखत असताना स्वतःच्या मनानं नको. लाली उतरल्यावर मात्र फार उपयोगी. ऑस्ट्रेलियात पायाला कायम सूज असलेल्या, परत परत सेल्युलायटिस होणाऱ्या ८४ लोकांवर अभ्यास झाला, २०२० ला छापून आला, मोजे-पट्ट्या वापरणाऱ्यांत १५ टक्के लोकांना परत झालं आणि न वापरणाऱ्यांत ४० टक्क्यांना. पण आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. तंबाखू-बिडीवाले, शुगरवाले, चालताना पोटरीत गोळे येणारे, यांच्या धमन्या अरुंद असतात आणि घट्ट मोज्यानं पाय काळा पडू शकतो. माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, सूज चढायच्या आधी. बँडेज बोटांपासून सुरू करून वर जायचं, मधेच घोट्यावर गुंडाळलं तर खाली पाऊल फुगतं.

२०. कोर्स संपला पण पाय अजून काळपट आणि थोडा सुजलेला आहे, अजून गोळ्या घेऊ का?

गरमपणा गेला, दुखणं गेलं, ताप नाही, तर जंतू गेलेत. कातडी कांद्याच्या पातीसारखी सोलते, काळपट डाग आणि हलकी सूज काही आठवडे राहते. त्यासाठी अजून ऍन्टिबायोटिक नको, पाय वर ठेवा, तेल लावा, चालत राहा. परत गरम लागलं तर मात्र रेघ मारून दाखवायला जा.

२१. बाबांना गेल्या वर्षी झालं होतं, यंदा वारीला जायचं म्हणतायत. पाठवू का?

बरं होऊन दोन-तीन महिने झाले असतील, बेचकी कोरडी असतील, शुगर ताब्यात असेल तर मी अडवणार नाही, कारण वारी चुकली की ही माणसं आतून खचतात ते मी घरात बघितलंय. पण अनवाणी नको, नवी कोरी चप्पल नको, महिनाभर आधी वापरून मऊ केलेली द्या. पिशवीत तीन जोड सुती मोजे, एक पंचा फक्त पायासाठी, बुरशीचं मलम, बॉलपेन आणि चालू गोळ्यांची यादी. नीरेत स्नान झालं, पाऊस लागला, की मुक्कामावर पोचल्यावर आधी पाय कोरडे आणि मग जेवण. लोणंद, फलटणच्या मुक्कामाला आरोग्य पथक असतं, फोड आला तर तिथंच दाखवायचा. आणि दिंडीतल्या एखाद्या तरुण पोराला सांगून ठेवा की रोज रात्री बाबांच्या बोटांत बॅटरी मारून बघ आणि फोटो घरी पाठव.